काठ हरवलेले शेततळे: नाशिकच्या एका वसाहतीतील बेडकांचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक शहर गोदावरीच्या डाव्या काठाने मखमलाबादच्या बाजूला वाढत गेले, तशा तिकडच्या द्राक्षबागा एकेक करून मोडल्या आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. प्रस्तुत प्रकरण अशाच एका वसाहतीचे आहे. रहिवाशांच्या विनंतीवरून वसाहतीचे नाव, नेमकी जागा, वर्षे आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. प्रस्तुत लेखक प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक असून, वसाहतीच्या सेक्रेटरींनी बोलावल्यामुळे या प्रकरणात ओढला गेला. बोलावणे आले तोवर निम्मे नुकसान होऊन गेले होते, हे आधीच सांगितलेले बरे.

वसाहत ज्या शेतावर उभी आहे, त्याच्या उताराकडील कोपऱ्यात जुन्या मालकांचे शेततळे होते. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात अशी शेततळी गावोगाव आहेत: चौकोनी खोदकाम, चारही बाजूंना उभट बांध आणि पाणी मुरू नये म्हणून आत अंथरलेला प्लॅस्टिकचा जाड कागद. बांधकाम सुरू झाल्यावर बिल्डरने तळ्याचा अर्धा भाग भरावात बुजवला आणि उरलेला भाग माहितीपत्रकात ‘जलाशय’ म्हणून छापला. कागद तोवर जागोजागी फाटला होता. पूर्वेच्या बाजूला बांधकामाची माती पावसाबरोबर वाहून येऊन साचत गेली आणि तिचा एक लांबट, चिखलाचा, हळूहळू पाण्यात उतरत जाणारा उतार तयार झाला. त्यावर लव्हाळा आणि गवत माजले. हा उतार कोणी आखलेला नव्हता, कोणाला तो नकोसा वाटेपर्यंत दिसलाही नव्हता, आणि दिसला तेव्हा तो घाण म्हणून दिसला. या प्रकरणातील सर्वांत मोलाची वस्तू मात्र तीच होती. माहितीपत्रकातला ‘जलाशय’ पुढे तक्रारअर्जांत ‘डबके’ झाला. फक्त जुने मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि ज्यांचे घर आजही शेजारच्या गटात आहे, त्याला शेवटपर्यंत ‘तळे’ म्हणत राहिले. एखाद्या पाण्याला डबके म्हटले की त्याचे काय करायचे हे निम्मे ठरूनच जाते.

या तळ्यात पावसाळ्यात निदान पाच जातींचे उभयचर येत असत, असे मुलांनी मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांवरून आणि एका रहिवाशाने त्रासाचा पुरावा म्हणून जपून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांवरून नंतर ठरवता आले. सर्वांत जास्त संख्या भेकांची होती. खरखरीत अंगाचा, डोळ्यांमागे विषग्रंथींचे फुगवटे असलेला आणि रात्री दिव्याखाली किडे टिपत बसणारा हा प्राणी नाशिकच्या प्रत्येक अंगणात ओळखीचा आहे. त्याखालोखाल पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत पळणारा आणि जवळजवळ वर्षभर पाण्यातच राहणारा बेडूक होता. गवतात दडणारे, रातकिड्यांशी आवाज मिसळून जाणारे छोटे बेडूक होते. अरुंद तोंडाचा, जेमतेम इंचभराचा एक बेडूक होता, ज्याची हाक कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखी ऐकू येते आणि एवढ्याशा देहातून एवढा आवाज कसा निघतो याचे नवल वाटते. शिवाय एखाद्या वर्षी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पिवळाधमक झालेला, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे काढून डरांव डरांव करणारा मोठा बेडूक दोन-तीन रात्री हजेरी लावून जाई. (त्याच्या तंगड्यांची परदेशात होणारी निर्यात भारताने १९८७ साली बंद केली; वसाहतीत त्याच्याबद्दल विचारला गेलेला पहिला प्रश्न ‘हाच खातात ना?’ हा होता.)

पुढचे सारे समजण्यासाठी भेकाच्या वाढीचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. पहिल्या पावसानंतर नर-मादी पाण्याशी जमतात आणि मादी काही हजार अंडी दोऱ्यासारख्या लांबलचक, चिकट माळांत घालते. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. काळेभोर बेडूकमासे थव्याने शेवाळ खरवडत फिरतात आणि पाण्याच्या उबेनुसार साधारण पाच ते सात आठवड्यांत त्यांचे रूप बदलते. आधी मागचे पाय येतात, मग पुढचे. कल्ल्यांचे काम थांबून फुप्फुसे सुरू होतात, शेपूट जिरते आणि सेंटीमीटरभर लांबीचे पिल्लू जमिनीवर येते. ते आले पाहिजेच, कारण त्या टप्प्याला पाण्याने त्याचे ओझे वाहणे सोडलेले असते. बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर ज्या पाण्यात ते जन्मले त्याच पाण्यात ते बुडून मरते.

समस्या कशी उभी राहिली

सुरुवात डेंग्यूने झाली. एका वर्षी भाद्रपदात वसाहतीतील काही घरांत डेंग्यूचे रुग्ण निघाले, दोघांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि साहजिकच सगळ्यांची नजर तळ्याकडे वळली. डासांच्या तपासणीसाठी आलेल्या कर्मचाऱ्याने घरोघर फिरून जे पाहिले ते निराळे होते. अळ्या सापडल्या त्या गच्चीवरच्या उघड्या पिंपात, कुंड्यांखालच्या ताटल्यांत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये आणि बांधकामावरून उरलेल्या ताडपत्रीच्या घड्यांत. तळ्यातून त्याने पळीने काढलेल्या पाण्यात चतुरांची पिल्ले आणि पाठीवर पोहणारे किडे निघाले, जे स्वतःच डासांच्या अळ्या खातात. डेंग्यूचा डास माणसाने साठवलेल्या, थोड्याशा, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. शिकारी कीटकांनी भरलेले जुने तळे त्याला मानवत नाही. कर्मचाऱ्याने हे तोंडी सांगितले आणि पिंपे रिकामी करून घेतली. परंतु सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली ती ‘डबक्यामुळे आरोग्यास धोका’ अशी.

सभेतला दुसरा मुद्दा मात्र खरा होता. तळे खोल होते, जुना कागद निसरडा होता आणि कुंपण मोडलेले होते. लहान मुलांच्या आयांनी हा धोका अनेकदा मांडला होता आणि त्याकडे दुर्लक्ष झाले होते. या दोन मुद्द्यांची मोट बांधून सुशोभीकरणाचा ठराव झाला आणि चैत्र-वैशाखात काम पुरे करण्यात आले. जेसीबीने गाळ काढला, म्हणजे पूर्वेचा उतारच काढला. चारही बाजूंना काँक्रीटची उभी भिंत आली, तिच्या माथ्यावर ग्रॅनाइटची कोपिंग, म्हणजे झाकणाची फरशी, बसवली, भोवती पेव्हर ब्लॉकची वाट झाली, मध्ये कारंजे आणि रंगीत दिवे आले. टँकरने पाणी भरले. डासांवर उपाय म्हणून एका ओळखीच्या गृहस्थांकडून गप्पी मासे आणून सोडले. काम नीटस झाले होते, हे मान्य केले पाहिजे. संध्याकाळी लोक तिथे हवा खायला बसू लागले.

मृगात पाऊस आला आणि भेकही आले. भिंतीवरून पाण्यात उडी टाकायला त्यांना अडचण नव्हती. माळा घातल्या गेल्या, आर्द्रा नक्षत्रात पाणी बेडूकमाशांनी काळे दिसू लागले. त्या वर्षी बाकीच्या जातींचे आवाज जवळजवळ आले नाहीत, पण ते कोणाला खटकले नाही. उलट यंदा रात्री शांतता आहे, असे काही जण म्हणाले. पुष्य नक्षत्राच्या सुरुवातीला एका सकाळी भिंतीच्या कडेने पाण्यावर काळसर थर तरंगताना दिसला. सफाई कामगाराने जाळीच्या झाऱ्याने तो काढला तेव्हा दोन बादल्या भरल्या. सगळी भेकांची पिल्ले होती, चार पायांची, शेपूट जिरत आलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच. तिसऱ्या दिवशी दुर्गंधी तळमजल्यावरच्या घरांत शिरली आणि सेक्रेटरींचा फोन आला: “सर, पाण्यात विष कालवलंय कुणीतरी. जरा येऊन बघाल का?”

पहिल्या संध्याकाळचा निर्णय

तिथे पोहोचलो तेव्हा टीसीएल पावडरचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, पोते भिंतीला टेकवून ठेवलेले होते. पाणी ‘निर्जंतुक’ करून सारा प्रकार एकदाच मिटवावा, असा चेअरमन साहेबांचा विचार होता आणि दुर्गंधीने हैराण झालेल्या लोकांचा त्याला पाठिंबा होता. पोते फुटले असते तर हे प्रकरण तिथेच संपले असते.

विषाची शंका खोडून काढायला प्रयोगशाळेची गरज पडली नाही. पाण्यात विष असते तर कल्ल्यांनी श्वास घेणारे, पातळ कातडीचे बेडूकमासे आधी मेले असते. ते तर मधल्या पाण्यात खुशाल पोहत होते, मासेही जिवंत होते. मेलेले सगळे एकाच वयाचे होते आणि सगळे भिंतीच्या कडेला होते. अंधार पडल्यावर टॉर्च लावून पाहिले तेव्हा उरलेला उलगडा झाला. शेकडो पिल्ले ओल्या भिंतीला चिकटून वर सरकत होती. एवढ्या लहान वयात ओल्या, खरबरीत गिलाव्यावर त्यांना काही अंतर चढता येते. पण कोपिंगचे ग्रॅनाइट भिंतीच्या दोन इंच पुढे आलेले होते. त्या गुळगुळीत ओठाखाली आली की ती उलटी होत आणि पाण्यात पडत, पुन्हा चढत, पुन्हा पडत. झाडावरच्या बेडकांना बोटांच्या टोकांशी चकत्या असतात; भेकाला त्या नसतात. चेअरमन साहेब बराच वेळ टॉर्च धरून उभे होते आणि मग त्यांनी स्वतःच पावडरचे पोते आत ठेवायला सांगितले.

त्या रात्री जे सुचले ते केले. आधी बांधकामाच्या फळ्या तिरक्या लावल्या, परंतु त्या तरंगू लागल्या आणि पिल्लांना त्यांचे टोक सापडेना. मग वॉचमन काकांनी किराणा दुकानातून गोणपाटे आणली. ओली गोणपाटे कठड्याला बांधून कोपिंगवरून पाण्यात हातभर बुडतील अशी सोडली आणि खालच्या कोपऱ्यांत दगड बांधले. तासाभरात पिल्ले त्यांवरून चढू लागली. चारही बाजूंना मिळून डझनभर गोणपाटे लावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली पिल्ले बादलीच्या तळाशी राहतील इतकीच निघाली.

सुटलेली पिल्ले पेव्हर ब्लॉकची वाट ओलांडून थेट पार्किंगमध्ये शिरली आणि सकाळी गाड्यांखाली चिरडली गेली. त्यामुळे पुढचे दहा-बारा दिवस बागेकडच्या कठड्यालाच गोणपाटे ठेवली, पार्किंगकडची काढली. हा बदल पहिल्याच रात्री सुचायला हवा होता.

याच गडबडीत एका कुटुंबाने दयाबुद्धीने दोन बादल्या बेडूकमासे भरून नदीवर नेऊन सोडले. त्या आठवड्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होता आणि रामकुंडावर, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागले होते. साचलेल्या, संथ पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांचे त्या लोंढ्यात काय झाले असेल, हे सांगायला नको. कुटुंबाला कोणी बोलले नाही. त्यांना आधी कोणी काही सांगितलेही नव्हते.

पर्यायांची चर्चा

पाऊस ओसरल्यावर विशेष सभा बोलावली. तिच्यात सहा पर्याय आले आणि त्यांच्यावर दोन बैठका गेल्या.

तळे बुजवावे, हा पर्याय सर्वांत जोरात मांडला गेला. बाजूच्या इमारतीतील एका आजोबांना हृदयविकार होता आणि भेकांच्या सलग किरकिरीमुळे त्यांची झोप मोडत असे. त्यांच्या मुलाने ही अडचण शांतपणे, पुराव्यानिशी मांडली. ती खोटी नव्हती. मात्र वसाहतीतील एका स्थापत्य अभियंत्यांनी नकाशा पुढे ठेवला. अर्ध्या आवाराचे पावसाचे पाणी उताराने त्याच कोपऱ्यात येत होते. तळे बुजवले तर ते तळघरातल्या पार्किंगमध्ये साचणार होते. बुजवण्याचा प्रस्ताव त्यावरच पडला. बेडकांच्या बाजूने पडलेले पहिले मत गाड्यांसाठी पडले होते, याची नोंद करून ठेवतो.

डासनाशक औषध नियमित टाकावे, ही सूचना तपासणी कर्मचाऱ्याच्या आधीच्या निष्कर्षामुळे टिकली नाही. अळ्या तळ्यात नव्हत्याच. तिच्याऐवजी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंपे, ताटल्या आणि कूलर रिकामे करण्याचा ठराव झाला. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नेम पुरतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. बेडूक डास खातात म्हणून ते राखावेत, असा युक्तिवाद सभेत काहींनी केला आणि तो टाळ्यांनी उचललाही गेला. प्रस्तुत लेखकाने त्याला दुजोरा दिला नाही. मोठा भेक मुख्यतः मुंग्या, वाळवी, भुंगे असे जमिनीवरचे कीटक खातो. डासांचा बंदोबस्त त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. चुकीच्या कारणाने मिळवलेला पाठिंबा पुढच्या डेंग्यूच्या रुग्णाबरोबर उलटला असता.

तळ्याभोवती बारीक जाळी लावून भेकांना आतच येऊ देऊ नये, असे एकांनी सुचवले. भेक वर्षानुवर्षे त्याच पाण्याकडे परततात. जाळीशी अडलेले प्राणी रस्त्याकडच्या गटारीत आणि खड्ड्यांत माळा घालतील, हे पटल्यावर ही सूचना मागे घेतली गेली. बेडूक पकडून शहराबाहेरच्या तळ्यात सोडण्याची सूचनाही अशीच मागे पडली, कारण दुसऱ्या पाण्यात प्राणी नेताना त्यांच्या कातडीवरची बुरशी आणि इतर रोगही सोबत जातात.

उरले दोन पर्याय. एक म्हणजे दरवर्षी आषाढात गोणपाटे सोडणे, जो फुकटात होणारा होता. दुसरा म्हणजे एका बाजूची नवी भिंत तोडून पुन्हा उतार करणे, ज्याला खर्च होता आणि ज्यात काही महिन्यांपूर्वीच केलेले काम चुकले हे कबूल करणे होते. खरी चर्चा पैशांवर झाली नाही, ती या कबुलीवर अडली. कोंडी फोडली ती मुलांच्या सुरक्षिततेच्या मुद्द्याने. उभ्या भिंतीलगत पाणी पुरुषभर खोल होते. पाय घसरलेल्या मुलालाही पिल्लांप्रमाणेच बाहेर यायला जागा नव्हती. ही तुलना एका आईने सभेत केली आणि त्यानंतर भिंतीची बाजू कोणी लावून धरली नाही.

त्याच सुमारास अण्णांना प्रथमच सभेला बोलावले गेले. ते म्हणाले, “कागद नवा होता तेव्हा आमच्या तळ्यात सरडे, उंदीर, सापसुद्धा बुडून मरायचे. म्हणून आम्ही चारी कोपऱ्यांना गाठी मारलेला दोर सोडून ठेवायचो, माणूस पडला तरी धरायला व्हावा म्हणून. बेडूक आले ते कागद फाटून माती साचल्यावर.” सुशोभीकरणाच्या आधी त्यांना एकदा विचारले असते तर पुढचे बरेच टळले असते.

माशांचा प्रश्न

बाकीच्या जाती पहिल्या वर्षी का दिसल्या नाहीत, याचे उत्तर जाळीत धरलेल्या माशांत सापडले. गप्पी म्हणून आणलेल्या माशांत रंगीत शेपटीचे गप्पी थोडे होते. बहुतेक करडे, वर वळलेल्या तोंडाचे गंबुशिया होते. उत्तर अमेरिकेतला हा मासा डासांच्या अळ्या खातो म्हणून १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला आणि तेव्हापासून देशभर पसरला. तो अळ्यांबरोबर बेडकांची अंडी खातो आणि लहान बेडूकमाशांच्या शेपट्या कुरतडतो. भेकाची अंडी आणि बेडूकमासे विषारी, बेचव असतात. म्हणून ते माशांच्या तावडीतून सुटले आणि भिंतीशी येऊन मेले. इतरांची पिल्ले भिंतीपर्यंत पोहोचलीच नाहीत. लोकांना जी ‘शांतता’ वाटली ती ही होती.

मासे ठेवावेत की काढावेत, यावर एकमत झाले नाही. डेंग्यूच्या आठवणी ताज्या होत्या, आणि ‘मासे काढले आणि पुन्हा रुग्ण निघाला तर?’ या प्रश्नाला सभेत समाधानकारक उत्तर देणे अवघड होते. शेवटी मासे काढायचे, पावसाळाभर दर पंधरवड्याला तळ्याचे पाणी पळीने तपासायचे आणि अळ्या आढळल्या तर पुन्हा विचार करायचा, या अटीवर चेअरमन साहेबांनी संमती दिली. ही अट या प्रकरणातील सर्वांत शहाणी तरतूद होती, असे आता वाटते.

झालेली कामे

गंबुशिया पिल्लांनाच जन्म देतो आणि भराभर वाढतो. जाळी मारून तो संपत नाही. तळे पूर्ण कोरडे करणे हाच उपाय होता आणि उन्हाळ्यात शेततळे आटणे इथल्या बेडकांना नवे नाही. मात्र हे काम ज्या रीतीने झाले ती चूक होती. एप्रिलमध्ये पंप लावून दीड दिवसात तळे उपसले. बारमाही पाण्यात राहणारे बेडूक उघड्या चिखलात अडकले; सकाळी बगळे आणि कावळे तुटून पडले. मुलांनी काही बेडूक टबमध्ये उचलून ठेवले, पण बहुतेक गेले. बागेला पाणी देत देत महिनाभरात तळे उतरवले असते आणि तळाशी एक ओला खड्डा पंधरा दिवस जादा ठेवून त्यातले मासे जाळीने काढले असते, तर बेडकांना चिखलात आणि कडेच्या भेगांत शिरायला सवड मिळाली असती. वेळापत्रक ठेकेदाराच्या सोयीने ठरले आणि प्रस्तुत लेखकानेही त्याला हरकत घेतली नाही.

पूर्वेची भिंत कोपिंगसह तोडली. तिच्या जागी मुरूम आणि दगडगोट्यांचा उतार केला, चार पावले चालल्यावर एक पाऊल खोली वाढेल इतका मंद. वर मातीचा थर देऊन नदीकाठचा लव्हाळा आणि गवताची ढेकळे लावली. पाणकणीस लावण्याची सूचना नाकारली, कारण ते काही वर्षांत सगळे तळे व्यापून टाकते. उरलेल्या तीन भिंतींना काथ्याच्या चटया कायमच्या बांधल्या. उताराभोवती कमरेएवढे कुंपण केले आणि त्याची खालची कड जमिनीपासून चार बोटे वर ठेवली, म्हणजे मूल आत जाणार नाही आणि भेक जाईल. कारंज्याच्या पंपाला बारीक जाळी बसवून ते जून ते सप्टेंबर बंद ठेवायचे ठरले. रंगीत दिवे रात्री नऊनंतर बंद. टँकरचे पाणी थेट सोडायचे नाही, कारण त्यातले क्लोरीन बेडूकमाशांना मारते. लागलेच तर एक-दोन दिवस उघड्या टाकीत ठेवून सोडायचे. गणेश विसर्जन तळ्यात करण्याचा विषय आला होता. त्यासाठी वेगळी टाकी ठेवण्यात आली आणि त्यावर वाद झाला नाही.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात भेक आले, त्यांनी बहुतेक माळा उताराकडच्या उथळ पाण्यात लव्हाळ्याला गुंडाळल्या, आणि पुष्य नक्षत्रात पिल्ले उतारावरून बागेत गेली. झाऱ्याने काढावी लागतील इतकी मेलेली पिल्ले दिसली नाहीत. गवतातले छोटे बेडूक त्याच वर्षी परतले. उड्या मारत पळणारे बेडूक एप्रिलच्या उपशामुळे पहिल्या वर्षी अगदी थोडे दिसले, दुसऱ्या वर्षी वाढले. मोठा डरांव बेडूक अजून आलेला नाही.

कंगव्यासारखा आवाज काढणारा बेडूकही परतला नाही, आणि त्याचे कारण तळ्यात नाही. तो मुख्यतः शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरच्या उथळ खळग्यांत अंडी घालत असे. त्या प्लॉटवर आता भराव पडला आहे. वसाहतीच्या हद्दीत सारे नीट केले तरी हद्दीबाहेरच्या चार खळग्यांवर एक जात अवलंबून होती, हे आम्हाला ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकताना कळले.

पंधरवड्याच्या तपासणीत तळ्यात डासांच्या अळ्या अधूनमधून एक-दोन आढळल्या, त्याहून जास्त नाहीत. कोरड्या दिवसाच्या फेरीत पिंपांत मात्र अजूनही आढळतात. आजोबांच्या झोपेचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. भेकांचा कल्लोळ पहिल्या पावसानंतरच्या काही रात्रींपुरता असतो, हे सांगून त्यांना त्या दिवसांपुरते पलीकडच्या खोलीत हलवले जाते. ते तक्रार करत नाहीत, पण ही तडजोड त्यांनी केली आहे, तळ्याने नाही. नव्या वाटेवर गाड्यांखाली पिल्ले चिरडणे कमी झाले, थांबले नाही. त्या पंधरा दिवसांत वॉचमन काका पहाटे मऊ झाडूने वाट झाडून पिल्ले कडेला करतात.

वेगळे काय करता आले असते

सुशोभीकरणाच्या ठरावाआधी वर्षभर तळ्याकडे नुसते पाहायला हवे होते. कोणत्या बाजूने प्राणी येतात आणि कोणत्या बाजूने जातात, एवढे कळले असते तरी जेसीबी पूर्वेला लागला नसता. सगळी चर्चा पाण्याभोवती फिरली: ते घाण आहे की स्वच्छ, त्यात डास आहेत की नाहीत, मासे हवेत की नकोत. पाण्याचा काठ कसा आहे, हे कोणी विचारले नाही, आणि पिल्ले काठावरच मेली.

डेंग्यूच्या तपासणीचा निष्कर्ष लेखी मागून इतिवृत्ताला जोडायला हवा होता. तोंडी सांगितलेली गोष्ट सभेत टिकली नाही आणि चुकीच्या निदानावर मोठा खर्च झाला. मासे आणण्यापूर्वी ते कोणते आहेत हे भिंगातून पाहणे दहा मिनिटांचे काम होते. आणि काम कोणत्या महिन्यात करायचे, हे ठेकेदाराला सांगण्याची जबाबदारी कोणाकडे तरी नावानिशी द्यायला हवी होती. पहिल्या वेळी ती कोणाकडेच नव्हती, दुसऱ्या वेळी ती या लेखकाकडे होती आणि त्याने ती नीट पार पाडली नाही.

आता पश्चिमेच्या भिंतीशी पुन्हा गाळ साचू लागला आहे, कारण बागेची माती तिकडून वाहते. येत्या सर्वसाधारण सभेत गाळ काढण्याचा विषय आहे. अण्णांचे म्हणणे आहे की तो काढूच नये, तिकडेही आपोआप उतार होईल. अभियंत्यांचे म्हणणे आहे की तळ्याची साठवण कमी होऊन पाणी पार्किंगकडे येईल. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि निर्णय होळीच्या आत व्हायला हवा.